मोठ्या टोपीची बंदूक

माझ्या नवऱ्याने ती बंदूक घरात आणली तेव्हा ती आमच्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली होती. दोन हजार तीन सालचा वसंत होता. अमेरिकेत आम्ही राहतो त्या बॉथेलपासून थोड्या अंतरावर असलेल्या स्नोहोमिश गावात जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे तो खुर्ची बघायला म्हणून गेला आणि सहलीसाठी गाडीत ठेवलेली चादर अशी सत्कारणी लावून आला. ते लांबट गाठोडं बघून मला वाटलं, दिवाणखान्यातला उभा दिवा असेल. त्याने ते जेवायच्या टेबलावर ठेवलं, चादर उलगडली आणि बारशाला आलेल्या पाहुणीला बाळाचं नाव सांगावं तशा आवाजात म्हणाला, "ठासणीची आहे."

त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर आमच्या रंगाच्या माणसाने पेट्रोल भरताना जरा घाईने खिशात हात घातला तरी शेजारचा वळून बघायचा. कामावरून येताना मीसुद्धा पावसासाठी डोक्यावर घेतलेली ओढणी गाडीत बसायच्या आधी काढून ठेवत असे. आणि हा शहाणा भर दुपारी हायवेवरून बंदूक घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, शंभर वर्षांहून जुनी आहे, कायद्याच्या लेखी हे शोभेचं सामान आहे. दुसऱ्या दिवशी मी बोलायला लागले तेव्हा पहिलं हेच बोलले, की कायदा कागद वाचतो आणि पोलीस तोंड बघतो. आमची मुलगी तेव्हा दुसऱ्या राज्यात कॉलेजला होती. तिने फोनवरून इंग्रजीत बापाची यथेच्छ हजेरी घेतली. तो हसत ऐकत राहिला आणि दुसऱ्या हाताने चादरीची घडी घालत राहिला.

त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. त्याचं लहानपण संगमेश्वरच्या पलीकडच्या एका गावात गेलं. शेतात डुकरं शिरत, म्हणून त्याच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. पुढून नळीत दारू ओतायची, चिंध्या आणि छर्रे घालायचे, गजाने ठासायचे आणि मागच्या बाजूला एक टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी आत जाते आणि बार उडतो. वडिलांबरोबर तो रात्रीच्या राखणीला जाई. दारूची पिशवी त्याच्याकडे असे, बंदूक कधीच नसे. मोठा झालास की देईन, असं वडील म्हणायचे. तो मोठा झाला तो पुण्यात, इंजिनियरिंगच्या वसतिगृहात, आणि तिथून इकडे आला. वडील गेल्यावर बंदूक पोलिसांकडे जमा झाली आणि तिथेच राहिली. बंदूक हातात न घेताच तो पंचावन्न वर्षांचा झाला होता. त्याला एकदा, फक्त एकदा, स्वतः दुरुस्त केलेल्या ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा होता. याहून जास्त काही नाही. इतक्या साध्या हट्टाला नाही म्हणायला माणूस फार दुष्ट असावा लागतो आणि मी मध्यमच दुष्ट आहे.

बंदूक दुनळी होती आणि तिची दशा बघवत नव्हती. लाकडी दस्ता जिथे बारीक होतो तिथे तो मोडलेला आणि कुणीतरी कुंपणाच्या तारेने आवळलेला. दोन घोड्यांपैकी एक गंजून जागच्या जागी बसलेला. आत नळीत बघितलं तर कोळ्यांचा संसार. विमानांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेला माझा नवरा मात्र त्या ध्यानाकडे बघून खूष होता. त्याने एकच नियम केला होता: जशी होती तशीच करायची. नवीन स्क्रू नाही, नवीन लाकूड नाही, काही बदलायचं नाही. चाप सुटत नव्हता म्हणून मी एकदा सुचवलं की तो नवा विकत मिळत असेल. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गॅरेजमधून पोळ्या करायला निघून गेले.

पहिलं वर्ष नुसतं उघडण्यात गेलं. टोपी ज्याच्यावर बसते ती नळीच्या मागची पोकळ खुंटी गंजाने इतकी घट्ट झाली होती, की तो रोज कामाला जाताना तिच्यावर तेलाचे थेंब सोडायचा आणि आल्यावर पाना लावून बघायचा. कधी कधी जेवता जेवता उठून बघून यायचा. शेवटी एका रविवारी खुंटी हलली. त्याने मला हाक मारली आणि मी हात पुसत गेले, तर तो पाना अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरवत उभा होता. दस्त्याचा मोडका भाग त्याने सरस लावून, आतून पितळी दांडी घालून असा जोडला की सांधा शोधावा लागे. एका बंदूकवाल्याकडे नेऊन नळ्या तपासून घेतल्या. हलका बार झेपेल, असं तो म्हणाला. त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड झालं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्या गॅरेजमध्ये दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. ड्रिल, पाने, करवत, हिरवळ कापायचं यंत्र, सगळी मंडळी पाटावर आणि पाटाभोवती बसायची. पूजा तो करायचा आणि मला हाक यायची, "हात लाव गं." म्हणजे मी त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याच्या हाताला हात लावायचा. तो पाणी सोडणार, तो गंध लावणार, तो फूल वाहणार आणि माझं बोट त्याच्या कोपराला. लग्नात लावला, सत्यनारायणाला लावला, बॉथेलच्या देवळात होमाला लावला. लग्नानंतर वर्षभर मी त्याला अहो म्हणत होते. अमेरिकेत आल्यावर अहोचा तू झाला, पण हात लावणं काही सुटलं नाही. मी चिडवायचे, की हत्यारं तुझी, कष्ट तुझे आणि मला नुसतं बोट टेकून अर्धं पुण्य, असा सौदा कुठल्या बाजारात मिळतो. तो म्हणायचा, नुसतं टेकत नाहीस, चांगली रेलतेस.

दोन हजार चारच्या खंडेनवमीला नळ्यांना रंग चढवायचं काम चाललं होतं. हा रंग म्हणजे ताब्यात ठेवलेला गंजच असतो. लोखंड पुसून अगदी कोरडं, निर्मळ करायचं, तेलाचा ओशटपणासुद्धा राहू द्यायचा नाही, मग द्रावण लावून दमट जागी टांगायचं, गंज चढला की घासायचं आणि पुन्हा लावायचं. दमट जागा म्हणून त्याने पाहुण्यांची न्हाणी बळकावली होती. तिथे टबावर नळ्या टांगलेल्या असायच्या आणि दाराबाहेर पाटी असायची, आत जाऊ नये. त्या दिवशी सकाळी त्याने नळ्या नुकत्याच निर्मळ करून, हातमोजे घालून आणल्या आणि पाटावर पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या. मी पुरणपोळीचं तूप कढवून तशीच घाईने आले. त्याने सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं आणि नळ्या मुद्दाम सोडल्या. मला वाटलं, विसरला. बाकी सगळ्यांना आणि हिलाच नाही, असं कसं? मी बोट कुंकवात बुडवलं आणि नळीवर टेकवलं.

त्याने पूजा पुरी केली, मग नळ्या उचलून खिडकीशी नेल्या. पुसून पाहिलं, पुन्हा द्रावण लावलं, पण तुपाच्या बोटाचं लोखंडाने काही तरी मनावर घेतलं होतं. सगळी नळी सुंदर, पिकल्या खजुरासारखी तपकिरी झाली आणि उजव्या नळीवर घोड्यापासून वीतभर पुढे एक लंबगोल चकचकीत डाग राहिला. सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून करायचा होता. हिवाळ्यात करतो, म्हणाला.

हिवाळ्यात टोप्या पडायला लागल्या. बंदूक जोडून झाली होती आणि तो दारू न घालता नुसत्या टोप्या लावून घोडे नीट आपटतात का ते बघत होता. ती टोपी मसुराच्या दाण्यापेक्षा जराशीच मोठी. चिमटीत धरून खुंटीवर दाबायची. त्याच्या चिमटीतून ती सुटायची आणि गॅरेजच्या फरशीवर टणटण करत कपडे धुवायच्या यंत्राखाली जायची. एक गेली, दुसरी गेली. मी म्हटलं, चष्मा बदल. त्याने चष्मा बदलला. टोप्या पडतच राहिल्या. मग शर्टाचं वरचं बटण लागेना. मग एके दिवशी चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरलेला मी बघितला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि अर्थही सांगितला. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात आणि त्यावर औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे शेवटचं वाक्य त्या भल्या बाईने दिलासा म्हणून सांगितलं. नवऱ्याने तिला एकच विचारलं, बोटं किती दिवस चालतील. तिने त्याचा व्यवसाय विचारला आणि तो म्हणाला, इंजिनियर. बंदुकीचं त्याने सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मी रडले. चावी फिरवायला त्याने दोनदा जोर लावला आणि मग म्हणाला, "तू चालव."

दुसऱ्या आठवड्यात त्याने आपला नियम मोडला. टेबलावर एक छोटं पाकीट होतं, त्यात नव्या खुंट्या आणि नव्या टोप्या. या टोप्या जुन्या लष्करी बंदुकांच्या, बोटाच्या टोकाएवढ्या आणि खाली फुलाच्या पाकळ्यांसारखी कड असलेल्या. ती कड धरता यायची. पण त्या बसवायच्या तर जुन्या खुंट्या काढून नळीत नवे आटे पाडावे लागणार होते आणि घोड्यांच्या तोंडातल्या वाट्या खरवडून रुंद कराव्या लागणार होत्या. म्हणजे इतक्या कष्टाने जशीच्या तशी केलेली बंदूक आता बदलायची. मी विचारलं, "चालेल तुला?" तो म्हणाला, तिला माणसाप्रमाणे बदलावं लागेल, माणूस काही तिच्याप्रमाणे बदलणार नाही. आणि मग पाकीट माझ्याकडे सरकवलं.

कारण आता काम मी करणार होते. मी प्रयोगशाळेत काम करायचे आणि आयुष्यभर काचेच्या नळ्यांत थेंब सोडून माझा हात खिळ्यासारखा स्थिर झाला होता. ज्या बंदुकीवरून मी अबोला धरला होता, तिच्याच घोड्याच्या तोंडात मी आता छोटं ग्राइंडर धरून बसले. तो शेजारी स्टुलावर बसून सूचना करायचा. आम्ही लग्नानंतर भांडलो नसू इतकं त्या उन्हाळ्यात भांडलो. कमी दाब, जास्त दाब, तिरपं होतंय, थांब. एकदा मी ग्राइंडर ठेवून म्हटलं, तूच कर मग. आणि म्हणता क्षणीच जीभ चावली. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, पहिली वाटी बरी झाली आहे. दुसरीही तशीच कर.

आटे पाडताना तो माझ्या हाताकडे न बघता आवाज ऐकायचा. लोखंड कापल्याचा आवाज बदलला की म्हणायचा, मागे फिरव, तेल घाल. हे मला त्याच्याकडून शिकायला मिळालं. ऑगस्ट संपेपर्यंत नव्या खुंट्या बसल्या. कामाच्या ओघात मी म्हटलं, तो डागही काढून टाकते, पुन्हा रंग चढवू. तो म्हणाला, वेळ नाही. आणि थोड्या वेळाने म्हणाला, असू दे, मला तो आवडायला लागलाय.

सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत आम्ही गेलो. डोंगरांच्या पायथ्याशी, देवदारांच्या मधे, जुन्या बंदुकांच्या हौशी लोकांचं एक मैदान होतं. दाढीवाले गोरे म्हातारे, कातडी टोप्या घातलेले. मला वाटलं होतं, आम्हाला बघून कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी आमच्यापेक्षा बंदुकीकडे जास्त बघितलं. दस्त्याचा सांधा शोधायचा प्रयत्न केला, मग तो बघून मान हलवली आणि नवऱ्यासाठी हात असलेली खुर्ची आणली. मुलगी आली होती. ती गाडीपाशी कानात बोळे घालून उभी राहिली.

दारू मी ओतली, छर्रेही मीच घातले, गजाने मीच ठासले. टोप्या मात्र तो बसवणार होता. उजवा हात तेव्हा मांडीवरून उठत नव्हता. डाव्या हाताने त्याने पाकळीची कड धरली, अंगठ्याने दाबली. बराच वेळ लागला. कुणी मदतीला पुढे आलं नाही, त्याबद्दल मी त्या म्हाताऱ्यांची अजून आभारी आहे. एक टोपी बसली. मग दुसरी बसली. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा तो दारूची पिशवी धरलेल्या मुलासारखा दिसत होता.

बंदूक टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि दस्ता त्याच्या खांद्याला लावला. त्याने चापावर बोट ठेवलं. ओढायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि चाप जागचा हलला नाही. मी म्हटलं, तुझ्या बोटावर मी बोट ठेवते. तो नको म्हणाला. दस्ता माझ्या खांद्याकडे सरकवायला लावला आणि खुर्ची माझ्या उजव्या बाजूला ओढून घ्यायला सांगितली. मग डाव्या हाताचं कोपर टेबलावर टेकून त्याने तो हात कसाबसा उचलला आणि माझ्या कोपरावर ठेवला.

"आज तू कर," तो म्हणाला. "मी हात लावतो."

मी चाप ओढला. खांद्याला धक्का बसला, आणि पांढरा धूर इतका आला की समोरची झाडं गेली. फटाक्यांचा वास आला. धुरात तो हसत होता. खोकत होता आणि हसत होता. नेमासाठी समोर लावलेल्या कागदावर एकही छर्रा लागला नव्हता. डुक्कर पोट भरून घरी गेलं, असं तो म्हणाला, आणि गोऱ्या म्हाताऱ्यांना ते इंग्रजीत सांग म्हणाला. मी सांगितलं. तेही हसले.

डावी नळी राहिली होती. मी दुसऱ्या चापावर बोट नेलं आणि त्याचा हात माझ्या कोपरावरून घसरून टेबलावर पडला. त्याने उचलायचा प्रयत्न केला, पण हात आला नाही. मी बंदूक खाली ठेवायला लागले, त्याचा हात उचलून पुन्हा ठेवावा म्हणून.

"उडव तू," तो म्हणाला. "मी आहे."

मी उडवली.

त्यानंतर तो दीडेक वर्ष होता. शेवटी शेवटी बोलणंही गेलं आणि डोळ्यांनी हो-नाही सांगायचा. डोकं शाबूत होतं, त्या डॉक्टरबाईने सांगितलं होतं तसंच. मी त्याला भरवायचे, तेव्हा घास गिळायच्या आधी तो माझ्याकडे बघायचा आणि ते बघणं मला अजून सहन होत नाही. बंदूक भिंतीवर आहे. खंडेनवमीला मी ती उतरवते आणि कुंकू त्या डागावरच लावते. आता बोट तुपाचं असलं तरी बिघडत नाही.

तो दोन हजार सातच्या मार्चमध्ये गेला. इथे चिता नसते. एका बैठ्या इमारतीत मागच्या बाजूला भट्टी असते आणि भिंतीवर एक बटण असतं. देवळातले गुरुजी आले होते. त्यांनी मंत्र म्हटले, तुळस ठेवली, आणि मग हळू आवाजात विचारलं, की बटण कोण दाबणार, मुलगा आहे का. मी म्हटलं, मी दाबते. ते जरा बाजूला झाले.

बटण छातीच्या उंचीवर होतं. मी त्यावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं, आणि मी उजव्या बाजूला बघितलं, कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात कोपराला काहीतरी टेकलं. मुलगी होती. लहानपणापासून ती आमच्या पूजांना मागे पुस्तक घेऊन बसायची, कधी मराठीत उत्तर द्यायची नाही आणि मला वाटायचं, तिचं लक्षच नसतं. तिला कुणी हात लाव म्हणून सांगितलं नव्हतं.

मी बटण दाबलं.